ज्याला गुलाबी रंग दिसत नव्हता

मित्रांनो, रत्नागिरीच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझे सारे आयुष्य गेले. मी ब्युरेट, काचेची लांब नळी, अंगावर बारीक रेघा, खाली तोटी. काच तापवून, ओढून कारागिराने मला घडवले, तेव्हापासून माझे काम एकच: थेंब मोजून सोडायचा. खाली चंबूत आम्ल आणि रंग बदलून खूण देणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, माझ्या पोटात अल्कली. ज्या थेंबाला चंबू फिका गुलाबी होतो, तिथे आम्ल संपले, तिथे थांबायचे. पूर्वी माझ्या अचूकपणाचे फार कौतुक व्हायचे. पुढे तोटी घट्ट झाली आणि मला कोपऱ्यातल्या टेबलावर लावले.

तिथे पहिल्या वर्षाचा देवदत्त आला. पावसच्या आंबा बागायतदारांचा मुलगा. हात अगदी स्थिर, पण त्याचा चंबू दर वेळी गडद गुलाबी होई. याचे लक्षच नसते, असे प्रयोग घेणारे सर म्हणत. मुले हसत. दिवाळीनंतर त्याने शेजारच्या नम्रताला हळूच सांगितले, की तो सायन्स सोडणार आहे.

त्याच सुमारास अपूर्वा मॅडम नव्याने आल्या. त्यांनी फिका गुलाबी चंबू त्याच्यासमोर धरला. "तुला यात काय दिसतंय?"

देवदत्तने वाकून चंबूकडे पाहिले. मग म्हणाला, "पाणीच दिसतंय, मॅडम. बाकीच्यांना दिसतो तो रंग मला दिसत नाही."

"मग पिकलेला आंबा कसा ओळखतोस?"

"वासावरून. देठाजवळ दाबून."

मॅडम विचारात पडल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी एकट्या देवदत्तचा नाही, सगळ्या वर्गाचा प्रयोग बदलला. चंबूंच्या जागी जाड कागदी पेले आले, त्यांत तापमापी. आम्ल आणि अल्कली भेटले की उष्णता निघते. आम्ल संपले की तापमान चढायचे थांबते. माझी तोटी सोडवून, धुऊन मोकळी केली. देवदत्त द्रव सोडत गेला, नम्रता तापमान वाचत गेली. आलेखाची रेघ चढली आणि एका जागी वळली. उत्तर बरोबर होते.

नम्रता म्हणाली, "मी आजवर नुसता रंग बघत होते. आत काय होतं, ते आज समजलं."

देवदत्तने कॉलेज सोडले नाही. सरांनी आपली चूक बोलून दाखवली नाही. पण पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी त्यांनी दोन्ही पद्धती स्वतः फळ्यावर लिहिल्या.

मित्रांनो, आम्हा काचेच्या वस्तूंना जपून हाताळा. आणि वर्गात कोणी रोज चुकत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा.