बंद दाराची आकारणी

घरपट्टीच्या नव्या आकारणीची नोटीस आली की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. आधी नगरपरिषदेच्या नावानं बोटं मोडायची, मग चहा प्यायचा आणि मग नोटीस फ्रिजवर ठेवून द्यायची. तिच्यात लिहिलंय काय, ते वाचायची तसदी सहसा कोणी घेत नाही. भालचंद्ररावांनी तर बोटंही मोडली नाहीत. शिपायानं दिलेला कागद टेबलावर ठेवला आणि ते परत खुर्चीत जाऊन बसले.

उन्हाळ्यात त्यांची पत्नी जयमाला गेली होती. तेव्हापासून जेवण, बातम्या, थंडी, सगळं त्यांना सारखंच वाटे. रडूसुद्धा आलं नव्हतं. लोक म्हणत, माणूस धीराचा आहे. धीर कसला! आतून सगळं बधिर झालं होतं.

त्यांचं घर शेगावला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवरचं. जयमालाबाई रस्त्याकडची खोली या लोकांसाठी उघडी ठेवत. पाय धुवायला गरम पाणी, पिठलं-भाकर आणि अंथरायला सतरंजी. पैसा कधी घेतला नाही. कोणी गुपचूप ठेवून गेलाच, तर रस्त्यापर्यंत धावत जाऊन त्याच्याच पिशवीत परत टाकत. भिंतीवर त्यांनी निळ्या रंगात लिहवून घेतलं होतं, 'भक्तांसाठी खोली'.

खामगावहून भालचंद्ररावांची मोठी बहीण स्नेहलता आली. शाळेत मुख्याध्यापिका होती. कागद दिसला की वाचल्याशिवाय हाताबाहेर जाऊ देत नसे. नोटीस वाचता वाचता तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला.

"भालचंद्र, तू लॉज कधी काढली रे?"

"कोणती लॉज?"

"इथं लिहिलं आहे ना. पूर्ण घराचा वापर, लॉज."

"लिहिलं असन काही. भरून टाकतो मी."

"मोजायले कोणी आलं होतं काय?"

भालचंद्ररावांनी आठवून पाहिलं. "हाव, आले होते. दार वाजवून राह्यले होते. मी उठलोच नाही."

आता सांगा, मोजणीवाल्यांनी काय करावं? त्यांनी रस्त्यावरूनच घर पाहिलं, भिंतीवरची अक्षरं वाचली, अंदाजानं लांबी-रुंदी लिहिली आणि पुढचं घर गाठलं. भालचंद्ररावांचं दुःख तरी खरं होतं. बाकी अर्धी गल्ली त्या दिवशी मुद्दाम कुलूप लावून मागच्या दारानं आत बसली होती. घर मोजू दिलं नाही तर कर वाढत नाही, अशी त्यांची पक्की समजूत! अंदाज काही आपल्या सोयीनंच होतो, असं थोडंच आहे?

स्नेहलताबाई समोर येऊन बसल्या. "ऐक. हे बिल नाही, ही आकारणी आहे. घर केवढं, बांधकाम कसं, वापर कशाचा, यावरून कर बसते. यात चूक असन तर हरकत घेता येते. उद्या शेवटचा दिवस आहे. मग हेच पक्कं होईन."

"होऊ दे पक्कं. मले काय फरक पडते ताई?"

"तुले नाही पडत, मान्य. पण मालक म्हणून नाव कोणाचं आहे, ते तर वाच."

भालचंद्ररावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. घर जयमालाबाईंच्या नावावर होतं. त्यांच्या नावाखालीच लॉज लिहिलेली होती.

"जिनं पाहुण्याचा पैसा कधी पदरात ठेवला नाही, तिले कागदावर लॉजवाली करून टाकलं," स्नेहलताबाईंचा आवाज चढला. "आन् तू म्हणतं, काय फरक पडते!"

भालचंद्ररावांना राग आला. मोजणीवाल्यांचा आला, स्वतःचा तर फारच आला. इतक्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी हरकत नोंदवली. पुढे सुनावणीला बोलावणं आलं.

"काका, आमची माणसं आली तेव्हा घर बंद होतं," तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या.

"मी आतच होतो. दार उघडलं नाही, ही चूक माही."

"खोलीचं भाडं घेत होता?"

"नाही. माही बायको लोकायले फुकट उतरवत होती."

"आणि आता?"

"आता कोणी नाही उतरत. ती गेली." हे शब्द त्यांनी स्वतःहून कोणाला प्रथमच सांगितले होते.

बाईंनी अर्जावर शेरा लिहिला. "प्रत्यक्ष पाहणी करू. या वेळी दार उघडाल ना?"

पाहणीच्या दिवशी ते सकाळपासूनच ओट्यावर बसून होते. बंद खोली त्यांनी स्वतः उघडली. टेप लागला, खोल्या मोजल्या गेल्या, वापराच्या रकान्यात दुरुस्ती झाली. माणसं निघाली, तशी त्यांनी हाक मारली.

"थांबा. मांगं टिनाचं शेड आहे. ते तुम्ही लिहिलंच नाही."

मोजणारा हसला. "राहू द्या ना काका. आम्हाले दिसलंच नाही समजा."

"नाही भाऊ. तिच्या नावावर खोटी लॉज नको, तसं लपवलेलं शेडही नको. जे आहे तेच लिहा."

शेड मोजून झालं. "मालकाच्या नावापुढं मयत लिहावं लागते, काका," मोजणारा हळूच म्हणाला. "वारसाची नोंद मग करून घेजा."

"लिही," भालचंद्रराव म्हणाले आणि तिथंच शेडच्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडू लागले. स्नेहलताबाईंनी त्यांना रडू दिलं.

तर नागरिकहो, कर जास्त वाटला तर जरूर भांडा, पण आधी नोटीस वाचा, मुदतीत हरकत घ्या आणि मोजणीवाला आला की दार उघडा. लपवायचं तेवढं लपवून न्याय मागू नका. आपल्या घरात काय आहे, ते आपण सांगितलं नाही, तर रस्त्यावरून जाणारा लिहील. आणि आपली गेलेली माणसं काही ते खोडायला परत येणार नाहीत.