कापलेला करार

दारावर नोटीस डकवणाऱ्याने डिंक अगदी सढळ हाताने लावला होता. घरमालकाने कर्ज बुडवलं, बँकेने घर जप्त केलं, भाडेकरूने सात दिवसांत जागा रिकामी करावी, मजकूर एवढाच. घरमालक केव्हाच पसार झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

शिंपीणबाईंचं पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. बारा वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकं याच दारातून आत यायची. इथून उठायचं म्हणजे पोटावरच पाय. बाईंना रडू आलं नाही, राग आला, आणि राग बरा असतो. त्याने माणूस हलतो तरी. त्या तडक भाडेकरूंचे खटले चालवणाऱ्या वकीलबाईंकडे गेल्या.

"कायदा तुमच्या बाजूने आहे," वकीलबाई म्हणाल्या. "करार जप्तीच्या आधीचा असेल, तर मुदत संपेपर्यंत बँकसुद्धा तुम्हाला काढू शकत नाही. तेवढा करार आणा. आणि तोवर कशावरही सही करू नका."

करार कपाटात होता. म्हणजे असायला हवा होता. बाईंनी कपाट उपसलं, गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, तरी मिळेना. सासरे कोपऱ्यात बसून सगळं बघत होते. चाळीस वर्षं कटिंग मास्तर होते ते. जाड कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे, आणि कपड्यांचे साचे कापायला कागद विकत आणणं ही त्यांच्या मते निव्वळ उधळपट्टी होती.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "शिक्का होता का गं त्याच्यावर?"

"बाबा! तुम्ही कापलात?"

"पाठकोरा होता. कॉलरला फार छान बसला."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, बाईंना कळेना. खिळ्याला टांगलेली साच्यांची जुडी त्यांनी खाली काढली आणि एकेक कागद उलटून बघितला. कॉलरवर तारीख आणि मुदत निघाली, कफवर घरमालकाची सही, खिशाच्या झाकणावर अर्धा शिक्का. बगलेच्या गोलाईत मात्र दोन ओळी कायमच्या गेल्या होत्या.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "माझ्यापायी घर जाणार गं."

"घर कुठे जात नाही. तुम्ही तुकडे जुळवा. तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार?"

सासऱ्यांनी तुकडे जुळवले, बाईंनी ते अस्तराच्या कापडावर लांब टाक्यांनी शिवले आणि त्याची प्रत वकीलबाईंकडे दिली.

सातव्या दिवशी बँकेचा माणूस आला. बरोबर हत्यारांची पेटी घेतलेला कुलूपवाला.

"बाई, इथे सही करा. सामान हलवायचा खर्च आम्ही देतो. उगाच ताणू नका."

"सही नाही, साहेब. करार बघा."

त्याने ते कापड उलटसुलट करून पाहिलं. "हा असला फाटका कागद?"

"फाटका नाही, कापलेला. तारीख वाचा, जप्तीच्या आधीची आहे. मुदत वाचा, अजून चौदा महिने आहेत. आणि घरमालकाची सही तर तुम्ही ओळखताच. याच सहीवर त्याला कर्ज दिलंत ना?"

त्याने फोन लावला. वकीलबाईंचं पत्र वरच्या साहेबांना आधीच पोचलं होतं. बाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"राहा चौदा महिने," फोन खिशात टाकत तो म्हणाला. "पण भाडं इथून पुढे बँकेला द्यायचं. घर आता आमचं आहे."

"म्हणजे घरमालक तुम्ही?"

"हो, आम्हीच!"

"मग लिहून घ्या. न्हाणीतला नळ गळतोय आणि मागच्या खिडकीची कडी तुटली आहे."

कुलूपवाला खो खो हसला. बँकेच्या माणसाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि खिशातून पेन काढलं.