न्हाणीमागची कढई

आपल्याकडं बऱ्याच घरांत वशाटाची, म्हणजे मटण-माशाची, चूल वेगळी असते. परंड्याच्या शामलाबाईंची न्हाणीमागं, पत्र्याखाली होती. देवघर स्वयंपाकघरात, मग मासा आत कसा यायचा? चुलीशेजारी कढई आणि कढईत मागच्या खेपेचं तेल. ते घरात घेता येत नाही, फेकून द्यायला जीव होत नाही. तेव्हा त्यातच नवं तेल ओतायचं आणि पुन्हा मासे तळायचे. वर झाकायला एक फुटकं ताट. सासूबाईंपासून चालत आलेली ही रीत!

मध्यंतरी त्यांच्या नवऱ्याच्या, अंबादासरावांच्या, काळजाची नळी चोंदली. बार्शीच्या डॉक्टरांनी ती मोकळी केली आणि बजावलं, मटण बंद, मासा खा. शामलाबाईंनी तेवढंच ऐकलं. सोबत गेलेल्या नणंदेनं, गायत्रीबाईंनी, पुढचंही ऐकलं होतं: तळू मात्र नका.

एका रविवारी धरणातली ताजी चिलापी मासळी घरी आली. गायत्रीबाईही भावाला बघायला आल्या होत्या. शामलाबाई चूल पेटवायला बसल्या, तशी नणंदेनं कढईवरचं ताट उचललं आणि पदर नाकाला लावला.

"शामला, हे काय गं?"

"तेल हाय वन्सं. वशाटाचं."

"इकडं ये. उजेडात बघ जरा."

त्यांनी कढई धुण्याच्या दगडावर उपडी केली. काळंकुट्ट, तार सुटलेलं तेल खाली यायलाच तयार नव्हतं. त्यात जळका मसाला, जुने खवले आणि तळाशी फुगलेली झुरळं! त्या खवट वासानं शामलाबाई दोन पावलं मागं सरल्या. माशाच्या आशेनं सकाळपासून ताटकळलेलं मांजर पुढं आलं, हुंगलं आणि तोंड फिरवून चालतं झालं.

"मांजर शिवंना, अन् तू माझ्या भावाला वाढतीस व्हय?"

"आवं, पण मासा म्हंजी तळलेलाच! उकडलेला लई फिका लागतो. त्यास्नी न्हाय उतरायचा घशाखाली."

"पांढरा, मऊ मासा हाय हा. त्याची त्याला चव असती. तुमी त्याचा कोळसा करता अन् नुसतं तिखट खाता." गायत्रीबाईंनी दगडावरच्या तेलाकडं बोट केलं. "एक सांग. हे तेल देवघराजवळ नेशील?"

"काय बोलता वन्सं! न्हाय!"

"मग माझ्या भावाच्या काळजाजवळ कसं गं नेलंस?"

शामलाबाईंनी देवघराकडं पाहिलं. दवाखान्याच्या दारात ज्या देवाला हात जोडले, त्याच्यापासून ही घाण लांब ठेवली आणि नवऱ्याच्या ताटात मात्र हौसेनं वाढली! त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

मग घासलेलं पातेलं चुलीवर चढलं. तुकड्यांना हळद, बेताचं मीठ, लिंबू आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण. खाली चमचाभर ताजं तेल, कांद्याच्या चकत्या, वर मासा, घोटभर पाणी आणि झाकण. "मंद जाळावर वाफ दे," गायत्रीबाई म्हणाल्या. "बोटानं पाकळी सुटली की उतरव. जास्त वेळ ठेवलास तर चिवट हुतो."

अंबादासरावांनी तुकडा संशयानं उलटापालटा करून पाहिला. मग भाकरीसोबत एक घास घेतला. दुसरा घेतला.

"आरं, मासा असा लागतो व्हय? मग इतकी वर्सं मी काय खात हुतो?"

शामलाबाई उठून न्हाणीमागं गेल्या. कढई त्यांनी भंगारात टाकली. दगडावरचा डाग मात्र राखेनं घासूनही गेला नाही.

मंडळी, तुमच्याही घरामागचं झाकण एकदा भर उजेडात उचलून बघा. जे आपण देवाजवळ नेणार नाही, ते आपल्या माणसाच्या पोटात घालू नये!