खिळ्यावरचा बॅज

एक्स-रे विभागाच्या दाराबाहेर चार खिळे होते आणि चार खिळ्यांना चार बॅज लटकत होते. आत एक मोठं मशीन, वॉर्डात ढकलत न्यायचं एक छोटं मशीन, शिशाचे दोन एप्रन. त्यातला एक मधोमध भेगाळलेला. काम करणारे चौघं. बॅज खरं तर छातीवर लावायचे, अंगावर किती किरणं पडली ते मोजायला. इथे मात्र ते ड्यूटीभर खिळ्यावरच असत.

ही रीत काकांनी पाडली होती. काका म्हणजे विभागातले सगळ्यांत जुने टेक्निशियन.

"बॅज लावला की आकडा येतो," ते नव्या माणसाला समजावत. "तिमाहीला पाच मिलिसीव्हर्टच्या वर गेला की साहेब उचलून केसपेपरच्या खिडकीवर बसवतात. भत्ता बुडतो, वर रांगेच्या शिव्या खायच्या. त्यापेक्षा त्याला बाहेर हवा खाऊ दे."

दर तिमाहीला प्रयोगशाळेतून चौघांचेही आकडे शून्य येत आणि साहेब सही ठोकून मोकळे होत.

तिसऱ्या खिळ्याच्या मालकाला या शून्यानंच गोत्यात आणलं. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सरकारनं स्वस्त गृहकर्जाला पैसा दिला होता. निम्मं व्याज सरकार भरणार होतं. धोक्याच्या कामावर असलेल्यांचा नंबर आधी. तो, बायको आणि मुलगी भाड्याच्या एका खोलीत राहत, आणि घरमालकानं खोली सोडायला सांगून ठेवलं होतं. दोन खोल्यांचं घर तिघं बघूनही आले होते. तिथल्या खिडकीवर हात ठेवून मुलगी म्हणाली होती, "ही माझी."

कर्जाच्या ऑफिसातल्या मॅडमनी कागद चाळले. "तुमच्या अंगावर तर किरणं पडतच नाहीत."

"मॅडम, बारा वर्षं तिथेच उभा आहे मी."

"असाल हो. पण मागच्या खेपेला पंख्याखाली बसणाऱ्यांनी हॉस्पिटलचे दाखले आणून घरं लाटली. आता मोजलेला आकडाच लागतो. पुढच्या तिमाहीचा घेऊन या. त्यानंतर निधी संपला."

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"मग लावा की छातीवर!"

"पाचच्या वर गेला तर खिडकीवर बसवतील. आणि खिडकीवाल्याला हे कर्ज मिळत नाही."

"पण खरा किती येईल?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. कधी मोजलंच नव्हतं.

भाजी चिरता चिरता तिनंच तोडगा काढला. "एक दिवस छातीवर, एक दिवस खिळ्यावर. मीठ बेतानं घालतो ना, तसं. अळणी नको नि खारटही नको."

"डॉक्टरीण व्हायला हवी होतीस तू."

"होणारच होते. मध्येच तुम्ही आडवे आलात."

दुसऱ्या दिवशी छातीवरचा बॅज पाहून काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय रे, बिल्ला लावून निवडणुकीला उभा राहतोयस काय?"

वॉर्डांची कामं त्याच्याच वाट्याची होती, आणि धड एप्रन मोठ्या मशीनवरच्यांकडे असे. तो भेगाळलेला एप्रन चढवून छोटं मशीन ढकलत निघायचा. ज्यांना बसवत नाही अशा म्हाताऱ्यांना काखेत हात घालून धरायचं, वळवळणाऱ्या पोरांचे खांदे दाबून ठेवायचे, आणि दुसऱ्यानं बटण दाबेपर्यंत हलायचं नाही. बॅज लावलेल्या दिवशी तो शक्य तेवढा लांब उभा राही, मान वळवून, हात ताणून. खिळ्याच्या दिवशी मात्र त्याला मोकळं वाटे. आज मोजणी नाही, असं म्हणून तो पेशंटला अगदी कवेत घेई. फोटो पहिल्या फटक्यात स्वच्छ येई. सिस्टर खूश होत.

तिमाही सरली. बॅज प्रयोगशाळेत गेले. घरी मुलीनं खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा लावायचा तेही ठरवून टाकलं.

निकाल आला त्या सकाळी साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. वर तारीख होती, खाली चार ओळी.

बॅज एक: शून्य.
बॅज दोन: शून्य.
बॅज तीन: नऊ पूर्णांक आठ मिलिसीव्हर्ट.
बॅज चार: शून्य.