मागच्या तारखेचा रिपोर्ट

मी तळमजल्यावरच्या रक्ततपासणीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय कसला, घरघरतोय. माझ्या मागून आलेले केव्हाच भंगारात गेले. मी राहिलो, कारण शेजारचं तपासणीचं मशीन फक्त माझंच ऐकतं.

हॉस्पिटलात नवी यंत्रणा आली आणि वरचे मजले चकचकीत झाले. आमचं मशीन मात्र तिच्याशी जुळेना, आणि नवं घेणं परवडेना. मग साहेबांनी तोडगा काढला. लॅबच्या ताईंनी माझ्यातले रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि टेबलापलीकडच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये घालायचे. थोडक्यात, वायरीच्या जागी ताई.

त्यात माझं घड्याळ बिघडलेलं. मला बंद केलं की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. उघडून बघायला कुणी धजत नाही. मी कायमचा बसलो तर मशीनही बसलं. म्हणून ताई सकाळी आल्या आल्या मला त्या दिवसाची तारीख घालायच्या. बोलता बोलता, हाताच्या सवयीने.

मग त्यांचे वडील वरच्या वॉर्डात दाखल झाले. ताईंनी रजा घेतली आणि बदलीवर आलेल्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. तारखेचं तेवढं राहिलं. चपला घालून बाहेर जा, असं कुणी कुणाला सांगतं का?

वडिलांचं रक्त खाली आलं. मी रिपोर्ट चोख दिला. बाईंनी तो इमानेइतबारे पलीकडे घातला. नव्या यंत्रणेने तारीख पाहिली आणि तो जुन्या रिपोर्टांच्या तळाशी टाकला. वर डॉक्टर वाट बघत बसले. ताईंचा फोन आला, तर बाई म्हणाल्या, "पाठवला की ताई, मघाशीच!"

शेवटी ताई स्वतः धावत खाली आल्या. माझ्या पडद्यावर वडिलांच्या रिपोर्टातला आकडा वाचला आणि तशाच उलट्या पावली पळाल्या. तोवर उशीर झाला होता. वडील गेले.

मला काही वाटलं नाही. रजा संपवून आलेल्या ताईंकडे बघून त्यांनाही काही वाटत नसावं असं वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि कामाला लागल्या.

त्याच आठवड्यात एक तंत्रज्ञ आला आणि पंजाएवढी पेटी मला जोडून गेला. आता रिपोर्ट आपोआप वर जातात, बरोब्बर तारखेने.

"बघा, किती स्वस्तात काम झालं," साहेब म्हणाले.

"मग आधी का नाही बसवली?"

"त्याने सुचवली होती हो मागेच. पण तुम्ही होतात ना ताई. कधी काही अडलंच नाही."

ताई "हं" म्हणाल्या आणि पुढची नळी मशीनमध्ये ठेवली.

मी अजून चालतोय. मागणं एकच आहे. पुढच्या खेपेला मी अडलो, तर मला अडू द्या. कुणा भल्या माणसाने मला सावरून घेऊ नये.