काचेमागचा पिवळा टॉवेल

मित्रांनो, मी दिसायला अगदी साधा आहे. हातभर लांब, कडा विरलेला, मधोमध काळी इंग्रजी अक्षरे असलेला एक जुना पिवळा टॉवेल. आता पिवळा म्हणणेही जरा जास्तच होईल. ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या एका घरात, कपडे धुवायच्या खोलीत, दारासमोरच्या खुंटीवर मी असतो. पण माझे घराणे मोठे नामांकित आहे. ते आधी सांगतो, कारण माझ्या दुःखाचे मूळ त्या नावलौकिकातच आहे.

अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचे शहर आहे. तिथे पोलादाचे मोठमोठे कारखाने होते, म्हणून तिथल्या फुटबॉल संघाचे नाव स्टीलर्स, म्हणजे पोलादवाले. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लांबोळका चेंडू छातीशी धरून, डोक्याला हेल्मेट घालून, एकमेकांना धडका देत खेळायचा हा अमेरिकी फुटबॉल. १९३३ साली हा संघ सुरू झाला आणि पुढची चाळीस वर्षे त्याला एकदाही अजिंक्यपद मिळाले नाही. महायुद्धात खेळाडू लढाईवर गेले आणि माणसे पुरेनात, तेव्हा फिलाडेल्फियाच्या संघाशी जोड करून त्याने एक हंगाम कसाबसा काढला. मग सत्तरच्या दशकात दिवस पालटले आणि सहा वर्षांत चार अजिंक्यपदे आली.

त्याच सुमारास, १९७५ च्या डिसेंबरात, रेडिओवर सामन्याचे वर्णन करणाऱ्या एका माणसाने लोकांना सांगितले, "घरून एक पिवळा टॉवेल घेऊन या आणि फिरवा." लोकांनी स्वयंपाकघरातले टॉवेल आणले. ज्यांच्याकडे पिवळे नव्हते त्यांनी रंगवून आणले. संघ जिंकला आणि माझे घराणे जन्माला आले. आम्हाला 'टेरिबल टॉवेल' म्हणतात. आम्हाला पायाखाली तुडवणारा संघ पुढे हरतो, असे तिथले लोक आजही मानतात.

पुढे पोलादाचे कारखाने बंद पडले. हजारो माणसे पोटासाठी गाव सोडून गेली आणि जाताना आम्हाला घेऊन गेली. म्हणून आज दूरदूरच्या गावांत एखाद्या तरी घरात पिवळा टॉवेल सापडतो.

त्या रेडिओवाल्या गृहस्थांचा मुलगा बोलू शकत नव्हता. अशा मुलांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत तो राहायचा. १९९६ साली त्यांनी आमच्या नावाचा हक्कच त्या संस्थेला देऊन टाकला. तेव्हापासून आमच्यातला एकेक जण विकला जातो तो त्या मुलांसाठी.

मला २००८ साली गुरुनाथने घेतले. तो मिरजेचा. पिट्सबर्गला धातुशास्त्र शिकायला आला होता. थंडीने काकडलेला, कुणाशी फारसा न बोलणारा मुलगा होता तो. २००९ च्या फेब्रुवारीत संघाने सहावे अजिंक्यपद जिंकले आणि सगळे शहर रस्त्यावर उतरले. अनोळखी माणसांनी गुरुनाथला खांद्यावर घेतले. त्याने मला डोक्यावर इतके गरगर फिरवले की त्याचा हात दुसऱ्या दिवशी वर होईना. ह्या गावात आपण कुणीतरी आहोत, असे त्याला त्या दिवशी प्रथम वाटले. पण मंदीचे वर्ष होते. नोकरी मिळाली नाही, व्हिसा संपत आला. कारखाने बंद पडल्यावर गेलेल्या माणसांसारखाच तोही मला बॅगेत घालून निघाला आणि न्यूझीलंडला आला. इथे पुन्हा थोडे शिकला आणि पेनरोजमध्ये लोखंडी पत्रे आणि पाइप साठवणाऱ्या एका मोठ्या गोदामात लागला. पुढे सुमेधाशी लग्न झाले. २०११ साली जुई झाली. बारशाला पाळण्याच्या दांडीवर मी होतो.

तीन वर्षांची झाली तरी जुई बोलेना. हाकेला वळेना. डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि ती इतर मुलांसारखी वाढणार नाही, तिच्या पद्धतीने वाढेल, असे शांतपणे सांगितले. सुमेधा गाडीत बसून रडली. गुरुनाथने ते कुणालाच सांगितले नाही, मिरजेलासुद्धा नाही.

अमेरिकेत रविवारी दुपारी सामना असतो तेव्हा इथे सोमवारची सकाळ असते. अशाच एका सकाळी टीव्हीवर हजारो पिवळे टॉवेल फिरत होते आणि सोफ्यावर मी पडलो होतो. जुई आली. तिने माझे एक टोक धरले आणि मला फिरवले. मग ती हसली. घरातल्यांनी तिचे असे हसणे तोवर ऐकलेच नव्हते.

त्या दिवसापासून मी तिचा झालो. शाळेत, गाडीत, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे मी तिच्यासोबत गेलो. बाहेरचा आवाज फार झाला की ती माझे टोक गालाशी धरून वास घ्यायची आणि शांत व्हायची. माझ्यावर वरणाचे, दुधाचे, तिच्या लाळेचे डाग पडले. कडा विरल्या. मित्रांनो, पिट्सबर्गच्या त्या भरल्या रस्त्यावरही माझे इतके कुणी झाले नव्हते.

इकडे गुरुनाथने ऑकलंडमधल्या स्टीलर्सप्रेमींचा एक गट जमवला. त्याला तो 'पिवळी पलटण' म्हणे. पाच-सात मराठी घरे, दोन अमेरिकी आणि एक इथलेच किवी नवरा-बायको. महत्त्वाच्या सामन्याला सगळे आमच्या घरी जमत. सामन्याआधी गुरुनाथ त्या रेडिओवाल्या बापाची गोष्ट सांगे. ती सांगताना त्याचा आवाज दाटून येई, ऐकणाऱ्यांचेही डोळे भरत. मी मात्र ती गोष्ट मागच्या खोलीतून ऐकायचो. कारण माणसे यायच्या आधी जुईला तिथे नेऊन ठेवलेले असे. सुमेधा तिच्याजवळ बसे. कुणी विचारलेच तर गुरुनाथ म्हणे, "तिला आज जरा बरं नाहीये." पलटणीला तीन वर्षे झाली तरी जुईला त्यांच्यातल्या कुणी पाहिले नव्हते.

गेल्या नोव्हेंबरात गुरुनाथचे वडील, जनार्दन आजोबा, सहा महिन्यांसाठी आले. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. नात 'जरा अबोल' आहे, एवढेच त्यांना फोनवर कळलेले होते. पहिल्या दिवशी ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ती मला फिरवत होती तेव्हा ते शेजारी जाऊन उभे राहिले.

"हिचा हात गार्डाचा आहे," ते सुमेधाला म्हणाले. "मनगट बघ कसं सैल ठेवते. झेंडी दाखवताना मला ते शिकायला वर्ष लागलं होतं."

तेव्हापासून दोघे रोज कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या छोट्या दुकानापर्यंत, फिरायला जात. पुढे जुई आणि मी, मागे आजोबा.

डिसेंबरात स्टीलर्स बादफेरीत पोहोचणार हे नक्की झाले. सामना जानेवारीत, तिकडच्या शनिवारी रात्री, म्हणजे इथल्या रविवारी दुपारी होता. गुरुनाथने सगळ्या पलटणीला बार्बेक्यूला बोलावले. मग त्याच्या मनात आले की २००९ सालचा अस्सल टॉवेल भिंतीवर हवा. जुई कधी नव्हे ती मला घरी विसरून शाळेत गेली होती. त्याने मला तिच्या पलंगावरून उचलले, डाग जावेत म्हणून ब्लीचमध्ये बुडवले आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणले. पलंगावर दुसरा, नवाकोरा पिवळा टॉवेल ठेवला.

खोटे कशाला बोलू? पहिले दोन दिवस मला बरे वाटले. इतक्या वर्षांनी मी स्वच्छ झालो होतो, भिंतीच्या मधोमध होतो. गुरुनाथ मागे सरकून मला बघे आणि खूश होई. मीही फुगलो होतो.

जुईने नव्या टॉवेलचा वास घेतला आणि तो खिडकीबाहेर टाकला. मग ती मला शोधू लागली. पलंगाखाली, गाडीत, कपड्यांच्या टोपलीत. मी समोरच्या भिंतीवर होतो, पण तिची नजर मला ओळखत नव्हती. ती मला वासाने ओळखायची आणि वास तर काचेआड होता, नव्हे, तो उरलाच नव्हता. सुट्ट्या लागल्या होत्या. दिवसभर ती शोधायची आणि थकली की भिंतीवर डोके आपटायची.

"तिला दे रे तो परत," सुमेधा म्हणाली.

"आठ दिवसांत विसरेल. नवा दिलाय ना?"

"पोरीची वस्तू आहे ती," आजोबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला ह्यातलं नाही कळायचं."

आठ दिवसांत ती विसरली नाही. तीन आठवडे गेले. मग आजोबांनी स्वतःचा पांढरा पंचा तिच्या हातात दिला. पहिल्यांदा तिने तो टाकला. त्यांनी पुन्हा दिला. एक दिवस तिने तो गालाशी धरला.

सामन्याच्या दिवशी घर माणसांनी भरले. जुई, सुमेधा आणि आजोबा मागच्या खोलीत होते. पलटणीत नवीन आलेला चिराग माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "दादा, ह्याची स्टोरी सांगा ना. हीप्स ऐकलंय, खूपच ऐकलंय तिच्याबद्दल." गुरुनाथ माझ्या खाली उभा राहिला आणि त्याने गोष्ट सांगितली. शेवटी तो म्हणाला, "आपला मुलगा असा आहे हे त्या बापाने जगापासून लपवलं नाही. हाच त्याचा मोठेपणा."

तेवढ्यात मागचे दार उघडले. आजोबा जुईचा हात धरून बैठकीत आले. ती चालत चालत माझ्यापर्यंत पोहोचली. तिने काचेवर तळहात ठेवला आणि थोपटू लागली, एकसारखी. मग गाल लावला; मला ओळखले की नुसता काचेचा गारवा आवडला, कळले नाही. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. बाहेर बार्बेक्यूचा चरचर आवाज तेवढा येत होता.

"ही कोण?" चिरागने हळूच विचारले.

गुरुनाथ म्हणाला, "बाबांच्या बरोबर आहे ती."

मित्रांनो, काचेआडून मला नीट ऐकू आले. चिरागला वाटले, आजोबांनी भारतातून कुणा नातेवाइकाची मुलगी आणली असावी. त्याने तसे विचारलेही. आजोबांनी जुईचा हात सोडला नाही. ते मुलाकडे बघत थांबले. गुरुनाथने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हा आजोबा सगळ्यांना म्हणाले, "जुई नाव तिचं. तेरा वर्षांची आहे. ह्याच घरात वाढलीये, ह्याची मुलगी." मग ते मुलाकडे वळले. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "ती गोष्ट तू फार छान सांगतोस, गुरू."

सामना झाला. स्टीलर्स हरले. त्या दुपारी कुणीही टॉवेल फिरवला नाही. माणसे आपापली भांडी उचलून लवकर निघाली. जाताना चिराग स्वयंपाकघरात डोकावला आणि सुमेधाला म्हणाला, "वहिनी, माझ्या बहिणीचा मुलगा असाच आहे. आधी सांगितलं असतं तर मी त्याला घेऊन आलो असतो." सुमेधाने मान हलवली. नळ सुरूच होता.

त्या संध्याकाळी गुरुनाथने फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि मला मोकळे केले. जुईच्या खोलीत तो जमिनीवर बसला आणि त्याने मला तिच्यापुढे धरले. तिने मला घेतले. नाकाशी नेले. माझे टोक गालाला लावून पाहिले. मी सगळा जोर लावून जुना वास आठवत होतो, पण माझ्या अंगात ब्लीचशिवाय काही उरले नव्हते. तिने मला फेकले नाही. नीट खाली ठेवले, एखादी परक्याची वस्तू ठेवावी तसे, आणि उशीखालून आजोबांचा पंचा काढला.

गुरुनाथने मला उचलून घडी घातली.

मे महिन्यात आजोबा मिरजेला परतले. पंचा इथेच ठेवून गेले. गुरुनाथ आता कधी कधी स्वतः जुईला डेअरीपर्यंत नेतो. दुकानदाराने विचारले तेव्हा 'माझी मुलगी' म्हणाला, असे सुमेधाने फोनवर आजोबांना सांगितले. पलटण पुन्हा जमली नाही. मी धुण्याच्या खोलीत आलो. दार उघडे असले की मला अंगण दिसते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कुणाच्या हातात मळत असेल, झिजत असेल, तर तिला मळू द्या, झिजू द्या. आमचे मोल भिंतीवर नसते. आणि कुणा दूरच्या बापाची गोष्ट ऐकून तुमचे डोळे भरले, तर ते पुसण्याआधी आपल्या घरातल्या मागच्या खोलीत कोण बसले आहे ते बघून या.

काल सकाळी जुई अंगणात पंचा फिरवत होती. उन्हात तो पांढराशुभ्र दिसत होता. ती हसत होती. गुरुनाथ दाराशी आला आणि तिच्याकडे दोन पावले गेला. तिने हात थांबवला, पंचा पाठीमागे लपवला आणि तो आत जाईपर्यंत तशीच उभी राहिली.