जड गोळी, हलकी गोळी

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी बाबा आणि ताउनो काका खडीच्या खाणीत झुडपं लावत होते. लावत होते म्हणजे, रस्त्याकडेच्या फांद्या तोडून आणून वाळूत उभ्या खोचत होते. फांद्यांच्या मागे पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं ठेवलं होतं आणि त्यावर काकाने कोळशाने हरीण काढलं होतं. ते गाढवासारखं दिसत होतं.

"ह्याला शिंगं तरी काढ," बाबा म्हणाला.

"तुला काय करायचंय शिंगांशी? तुझी गोळी तिथवर पोचणार आहे थोडीच."

हे दोघे भाऊ माझ्या जन्माआधीपासून एकाच गोष्टीवरून भांडत आले होते. बाबाचं म्हणणं, आपल्या जंगलात झाडी दाट, इथे गोळी हवी जड आणि बोथट तोंडाची. अशी गोळी वाटेतली फांदी तोडून सरळ पुढे जाते. काकाचं म्हणणं, गोळी हवी हलकी आणि टोकदार. वेगात जाते, कमी झुकते, आणि फांदी मध्ये असेल तर माणसाने फांदी सोडून हरणावर नेम धरावा.

"फांदी सोडून म्हणे! ऐकलंस का सिल्वी? गेल्या वर्षी ह्याने बर्चचं अख्खं झाड मारलं."

"ते झाड मध्ये आलं."

"चालत आलं?"

त्या दिवशी निकाल लावायचा असं ठरलं होतं. बाबाने फांद्यांमधून पाच जड गोळ्या झाडल्या. काकाने पाच हलक्या. मग दोघे गुडघ्यांवर हात ठेवून खोक्यासमोर वाकले. बाबाच्या दोन गोळ्या खोक्याला शिवल्याही नव्हत्या, आणि एक आडवी होऊन लागली होती, तिचं भोक चावीच्या आकाराचं पडलं होतं. काकाचं तंतोतंत तेच.

बाबाने एक फांदी बोटांत दाबून बघितली.

"ही झुडपं ओली आहेत," बाबा म्हणाला.

"आणि पुठ्ठा वाकडा लागलाय," काका म्हणाला.

प्रयोगच चुकला यावर दोघांचं एकमत झालं. इतकं खुशीत मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं. गाडीची मागची फळी खाली पाडून तिच्यावर बसून त्यांनी वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खाल्ला आणि पुढच्या वर्षी कोरडी झुडपं आणायची असं ठरवून टाकलं. फांदीला लागलेली कुठलीच गोळी सरळ जात नाही, हे मी कधीतरी वाचलं होतं. पण ते सांगून मिळणार काय होतं? दोघे एकाच वेळी हरले असते, आणि मग घरी परतताना गाडीत बोलणार कशावर?

मग माझी पाळी आली. माझी बंदूक लहान, आखूड नळीची, वजनाला अगदी हलकी. शाळा संपली तेव्हा बाबाने घेऊन दिलेली. तिच्यासाठी जड गोळीची काडतुसं तोच तळघरात बसून भरायचा. हलक्या बंदुकीतून जड गोळी सुटली की दस्ता खांद्यावर असा आदळतो की दात वाजतात. मी तीन बार काढले. बाबाने दुर्बीण लावली.

"थोड्या पसरल्यात," तो म्हणाला. "पण हरीण काही एवढं लहान नसतं."

"ते गाढव आहे," मी म्हणाले.

काका खूष झाला. "बघ, पोरीलाही कळतं."

बाबाने दुर्बीण खाली केली. "तुला स्वतःला कशी वाटते ही गोळी? हलकी बघायचीय का एकदा?"

"तू म्हणशील ती, बाबा."

"अगं, चाप तू ओढणार की मी?"

"सांग की गं त्याला काहीतरी!" काका म्हणाला. "इतकी पुस्तकं वाचतेस, त्यातलं एखादं फेकून मार त्याच्या डोक्यात."

मी हसले आणि पुन्हा तेच म्हणाले. चौदाव्या वर्षी बाबाची बंदूक घेऊन मी पहिलं हरीण मारलं, तेही त्याच्या जड गोळीने. त्या दिवशी तो गावातल्या प्रत्येक माणसाला थांबवून गोळीचं वजन सांगत होता. माझं नाव त्यात नंतर यायचं. तेव्हापासून मी कधी वेगळी गोळी मागितली नाही, आणि तो दर वर्षी विचारायचा मात्र.

त्या संध्याकाळी मात्र त्याने माझं ऐकलं नाही. सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तापेपर्यंत आम्ही दोघांनी तळघरात बसून हलक्या गोळीची एक डबी भरली. मी काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या पुसून देत होते, तो तराजूवर दारू तोलत होता आणि यंत्राचा दांडा खाली ओढून गोळी बसवत होता. प्रत्येक गोळी बसवताना नाक मुरडत होता.

"बघ ही. पेन्सिलीसारखी. ह्याने हरीण मारायचं की त्याला पत्र लिहायचं?"

"मग भरतोस कशाला?"

"शिकारीच्या मोसमाआधी तू दोन्ही मारून बघ आणि मला सांग. आपलं भांडण झालं तर झालं. ताउनोशी भांडून भांडून कंटाळा आलाय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉफीचा कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला, आणि तिथून उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफीला सगळं गाव जमलं. पुरुषमंडळी कपबशा सांभाळत भिंतीला लागून उभी होती आणि प्रत्येक जण मला येऊन आपल्या बंदुकीला आर्वोने कोणती गोळी ठरवून दिली ते सांगत होता. आर्वो म्हणजे बाबा. गावातल्या निम्म्या बंदुकांच्या गोळ्या त्याने ठरवलेल्या. स्वतःचा नेम मात्र यथातथाच. आमच्याकडे ज्याचा बार चुकतो त्याच्या सदऱ्याची मागची शेपटी कापून कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याने ठोकतात. जंगलातल्या आमच्या त्या लाकडी खोपटाची एक भिंत जवळजवळ बाबाच्याच सदऱ्यांनी भरली आहे.

"थंडी अडते त्याने," शेजारचे म्हातारे पॅस्को म्हणाले. "आर्वो नसता तर कधीच गारठून मेलो असतो आम्ही." आणि मग ते रडायला लागले, आणि मी त्यांच्या हातातली बशी धरली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी एकटी खाणीत गेले. खोकं अजून तिथेच होतं, पावसाने बसलेलं, काकाचं गाढव त्याच्यावर पुसट झालेलं. मी नवा कागद लावला. आधी जड गोळ्या मारल्या. एक वर, एक डावीकडे, एक जवळजवळ कागदाबाहेर. खांदा ठणकायला लागला. मग बाबाने नाक मुरडत भरलेल्या हलक्या. तीन बार काढून मी कागदापाशी गेले. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून होती, वरून कोटाचं बटण ठेवलं असतं तर झाकली गेली असती. फक्त ती मधोमध नव्हती. बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवून मी आणखी तीन झाडल्या, आणि त्या मधोमध बसल्या. मी तिथे वाळूत उभी राहून एकटीच मोठ्याने हसले. ह्या गोळ्यांचा खांद्याला दणकाही बसला नव्हता. इतकी वर्षं मला वाटायचं की मी बाबासारखी आहे, माझा नेमच तसा आहे.

मोसम उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे कॅम्पवर जमलो. काका, पॅस्को आणि मी. पॅस्कोंनी मांस, बटाटे आणि सलगम भरलेल्या पेस्ट्या आणल्या होत्या, प्रत्येकीच्या कडेला खाणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. बाहेर बर्फ भुरभुरत होता. जेवणं झाली, टेबल पुसलं. आता गोळ्या मांडायच्या होत्या.

ही आमच्या कॅम्पची रीत. प्रत्येकाने आपलं एक काडतूस टेबलावर उभं करायचं आणि तीच गोळी का, ते सांगायचं. मग बाकीच्यांनी त्याला सोलून काढायचं. एकदा मांडली की मोसमभर तीच. बाबा दर वर्षी दोन मांडायचा, एक स्वतःची आणि एक माझी, आणि दोन्हींच्या वतीने तोच भांडायचा. मी कॉफी ओतायचे.

पॅस्कोंनी आधी मांडली.

"ही का?" काकाने विचारलं.

"दुकानात हीच उरली होती."

"गेल्या वर्षीही तुम्ही हेच सांगितलंत."

"गेल्या वर्षीचीच आहे. एकही बार काढला नाही मी. झोप लागली."

मग काकाने खिशात हात घातला. मला वाटलं, आता ती त्याची टोकदार गोळी येणार आणि बरोबर तेच जुनं भाषण. त्याने टेबलावर जड, बोथट तोंडाची गोळी उभी केली.

पॅस्कोंनी चष्मा लावला. "ताउनो, तुला ताप आलाय का?"

"झाडी दाट आहे इकडे."

"झाडी गेल्या वर्षीही दाटच होती."

"मग गेल्या वर्षी मी गाढव होतो. झालं समाधान?"

"चाळीस वर्षं होतास म्हण," पॅस्को म्हणाले, आणि तिघेही हसलो, काका सगळ्यांत मोठ्याने. हसता हसता त्याने दुसरं काडतूस काढलं. बाबाने माझ्यासाठी भरलेल्या जड गोळ्यांच्या डबीतलं. ते त्याने हलक्या हाताने माझ्यासमोर उभं केलं, पडू नये म्हणून क्षणभर बोटाने धरून ठेवलं.

"ही सिल्वीची," तो म्हणाला. "ह्यावर कुणी काही बोलायचं नाही."

चुलीतलं लाकूड तडतडलं. काकाचे डोळे ओले होते आणि तो ते लपवतही नव्हता. मी गप्प राहिले असते तर सगळं छान झालं असतं. रात्री सौना, पहाटे जंगल, खांद्यावर पुन्हा तो दणका आणि माझी गोळी कुठेतरी भलतीकडे. काकाला बरं वाटलं असतं. माझ्या कोटाच्या खिशात हलकी गोळी होती, ती मी मुठीत धरली.

"काका, ती उचल."

"काय?"

"माझी नाही ती. मी दोन्ही मारून बघितल्या. माझ्या बंदुकीला ती चालत नाही."

"आर्वोने भरलीय ती!" काका उठून उभाच राहिला. "त्याच्या हातची आहे! आणि तू आता, ह्या वर्षी, हलकी मारणार?"

"चाळीस वर्षं तू काय मारत होतास?"

"माझं सोड! मी त्याला चिडवायला मारायचो!"

पॅस्को टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. "अरे देवा, आता हे कुणीतरी आर्वोला कळवा."

"हीदेखील त्यानेच भरलीय," मी म्हणाले. "मी शेजारी बसले होते. प्रत्येक गोळीला नावं ठेवत भरली."

"म्हणजे त्याला पसंत नव्हतीच!"

"नव्हती."

"मग?"

काका टेबलावर दोन्ही हात टेकून माझ्याकडे बघत होता, बाबा बघायचा तसाच, भुवया वर करून, उत्तराची वाट बघत. मी मूठ उघडली आणि ती पेन्सिलीसारखी गोळी जड गोळीच्या शेजारी उभी केली.

"बाबा, तुझं चुकतंय," मी म्हणाले. "तुझ्या गोळीने माझा खांदा दुखतो. दर वर्षी दुखायचा. मला ही हवी."